न घातलेली शीळ

“तिला कुणी काही सांगायचं नाही. सांगितलं, की मग ऐकू येतंच.”

हे वाक्य नव्या सुनेसाठी नव्हतं. पण कान चांगले असले की ते कुणाला विचारून ऐकत नाहीत. ओल्या टॉवेलांची बादली घेऊन ती मागच्या दाराशी आली होती. आत स्वयंपाकघरात सासूबाई बोलत होत्या आणि तिचा नवरा “हो आई, हो आई” करत होता. नव्या सुनेला काय काय सांगायचं नसतं, याचे अंदाज तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाले. नवऱ्याचं कॉलेजातलं एखादं प्रकरण असेल, नाहीतर घराच्या वाटण्यांची भानगड. तिने बादली मुद्दाम आपटून ठेवली. आतलं बोलणं चिमटीत धरल्यासारखं थांबलं.

“टॉवेल वाळत घालू ना, आई?”

“घाल, घाल. आणि पोटभर खाऊन घे. उद्यापासून तुझी शाळा.”

शाळा म्हणजे बोट. ती सून होऊन आली ते घर समुद्राच्या काठी होतं, आणि अर्धं घर, अर्धं संशोधन केंद्र होतं. सासूबाईंची सारी हयात मोकळ्या समुद्रातल्या डॉल्फिनांच्या मागे गेली होती. थोरले दीर, म्हणजे तिचे भावजी, बोट चालवायचे. नवरा कॅमेरा धरायचा. दिवाणखान्यात कुटुंबाचा एकही फोटो नव्हता. भिंतभर फोटो होते ते डॉल्फिनांच्या पाठीवरच्या परांचे, कुठे खाच पडलेला, कुठे टोक तुटलेला, आणि खाली नावं : करवत, फाटका, ठिगळ, मावशी. लग्नाआधी ती पहिल्यांदा घर बघायला आली तेव्हा नवऱ्याने मावशीशी ओळख करून दिली होती, आणि जरा जास्तच आदराने.

“आमच्याकडे मधुचंद्र नसतो,” तो म्हणाला होता, “हंगाम असतो.”

तिला हसू आलं होतं. तो विनोद नव्हता, हे आता कळत होतं.

शिकायला बरंच होतं, आणि सासूबाई शिकवायच्या छान. बोटीचं नाक म्हणजे बारा वाजले, त्या घड्याळाप्रमाणे दिशा सांगायच्या. प्रत्येकाने आपल्या वाट्याचंच पाणी बघायचं, दुसऱ्याच्या पाण्यात डोकवायचं नाही. कळप दिसला की त्याच्या अंगावर जायचं नाही, बाजूने, त्याच्याच वेगाने चालायचं. आई आणि पिल्लू यांच्या मधून तर कधीच नाही. एक प्राणी निवडला की तो दिसेनासा होईपर्यंत नजर त्याच्यावरून हलवायची नाही, मग शेजारी देवमासा उसळला तरी. कळप केवढा आहे ते ज्याने त्याने आपल्याशी आधी ठरवायचं, मगच तोंड उघडायचं. कारण एकाने आकडा बोलून टाकला की बाकीच्यांना तेवढेच दिसू लागतात.

“माणूस जे शोधतो ते त्याला सापडतं,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणून शिकाऊ माणसाला काय शोधायचं ते सांगायचंच नाही. कोरा डोळा, कोरा कान.”

सुनेने मान हलवली आणि मागच्या दाराशी ऐकलेलं वाक्य मनातल्या मनात दुसऱ्या कप्प्यात ठेवलं. कॉलेजातलं प्रकरण नव्हतं तर ते.

डोळ्यांपेक्षा तिचे कानच सासूबाईंना जास्त आवडले. वय झालं की बारीक, उंच आवाज आधी जातात. सासूबाईंचे गेले होते, नवऱ्याचे सर्दीने आणि भावजींचे इंजिनाने बिघडवले होते. तेव्हा पाण्यात सोडायच्या माईकचा हेडफोन तिच्या डोक्यावर आला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, खाली कुणीतरी तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडतंय. ते तडतडणं चिमुकल्या कोळंब्यांचं, नांग्या वाजवतात त्या, सासूबाईंनी सांगितलं. रात्रंदिवस चालू असतं. त्या तडतडीतून डॉल्फिनांच्या शिळा येत; उंच, वळणाच्या, कुणीतरी काचेवर ओलं बोट फिरवावं तशा.

“प्रत्येकाची शीळ वेगळी. ते त्याचं नाव. पिल्लू स्वतःच ठरवतं आपलं. आणि एखादा लांब गेला, दिसेना, की दुसरा त्याचीच शीळ घालून त्याला बोलावतो.”

घरातही हाच कायदा होता. वाऱ्यात हाका ऐकू जात नाहीत आणि ओरडलेलं डॉल्फिनांना चालत नाही, म्हणून बोटीवर प्रत्येकाला शीळ होती, आणि बोटीवरची सवय घरात आली होती. नवऱ्याची दोन तुटक आणि एक घसरती. भावजींची एकच लांबलचक, शेवटी उडी मारणारी. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून ती उडी मारत आणि चाळिशी गाठलेला माणूस माडीवरून धडधडत खाली येई. सुनेला मोठी मौज वाटे.

“तुझी तू ठरव,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “घाई नाही. पण एकदा घातलीस की जन्माची.”

घरात सगळेच टपलेले कान. म्हणून ती न्हाणीघरात, नळ सोडून, नुसते ओठ हलवून शीळ ठरवत असे. आवाज काढत नसे. ओठांचा चंबू, जीभ वर-खाली, हवा आतच. शीळ खाली उतरायची, मग एक गोल वळण घ्यायची, आणि मग… शेवट जमत नव्हता. वर न्यावी की तिथेच सोडावी? तो शेवट राहिलाच होता.

एके दिवशी दुपारी समुद्र आरशासारखा पडला होता. असे दिवस कामाला सर्वांत चांगले. एक पर वर आला तरी मैलावरून दिसतो. पाण्याखालच्या खडकाची एक लांब पाठ होती, तिच्यावर बोट आली आणि भावजींनी इंजिन बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. कळपही तिथे नव्हता, तो केव्हाच बाजूने निघून गेला होता, पिल्लं पोटाशी घेऊन.

तिने हेडफोन घट्ट केला. तडतड, तडतड. आणि मग तडतड थांबली.

तिला वाटलं, वायर निघाली. ती हात लावणार तोच शीळ आली. वर, आणखी वर, मध्येच एक खाच, जसा बोलता बोलता कुणाचा श्वास अडकावा, आणि मग खाली. जवळून. फार जवळून. मग पुन्हा कोळंब्यांची तडतड सुरू झाली, जणू सगळ्याजणी मान खाली घालून उभ्या होत्या आणि आता कामाला लागल्या.

“शीळ,” ती म्हणाली. “एकटीच. कळपातली नाही वाटत.”

“वर्णन नको,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फार शांत होता. “आकार काढ.”

तिने पाटीवर पेन्सिलीने रेघ ओढली. वर, वर, खाच, खाली. पाटी पुढे केली तेव्हा कुणीच ती हातात घेतली नाही. भावजी बाटलीतून पाणी पीत होते. त्यांचं पिणं संपलं, बाटली तोंडापाशीच राहिली. नवरा कॅमेऱ्याच्या भिंगावर नसलेली धूळ पुसत होता.

“कोणाची आहे ही?” तिने विचारलं.

“घरी चला,” सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी नवऱ्याने तिला गच्चीवर नेलं आणि, आईला दिलेला शब्द मोडून, सगळं सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

शीळ वहिनीची होती. भावजींची बायको, तिची थोरली जाऊ, जिच्याबद्दल लग्न ठरवताना “अपघातात गेली” एवढंच बोललं गेलं होतं. त्या खडकाच्या पाठीवरच, असाच आरसा असताना, माईकची केबल खाली अडकली. वहिनी सोडवायला उतरली. पट्टीची पोहणारी. भावजींनी वरून केबल ओढली तेव्हा ती सहज आली. टोकाला नीट गुंडाळी केलेली होती, वहिनी नेहमी करायची तशी, वर तिचीच गाठ. वहिनी मात्र वर आली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही सापडली नाही.

“पुढच्या वर्षी एक शिकाऊ मुलगी होती,” तो म्हणाला. “तिला सगळी हकिगत ठाऊक होती. तिथे गेल्यावर ती म्हणाली, शीळ ऐकू येतेय. दादाने बोटीवरून उडी मारली. मी पाय धरला म्हणून… अगं, तो वर येतच नव्हता. येत नव्हता म्हणजे, यायचं नव्हतं त्याला.”

“आणि तरी तुम्ही मला तिथे बसवलंत.”

“आई म्हणते, त्या मुलीने माहीत होतं म्हणून ऐकलं. ज्याला माहीत नाही त्याने ऐकलं तरच धरायचं. दादाही हेच धरून बसलाय. म्हणतो, एकदा ऐकणं योगायोग. दुसऱ्यांदा कुणी हो म्हणू दे, मग माझं मी बघतो.”

“माझं मी बघतो म्हणजे?”

त्याने कठड्याखाली बोट दाखवलं. खाली अंगणात भावजी बोटीचे दोर धुवून वाळत घालत होते, एकेक, मन लावून, आणि अधूनमधून दातांतून शीळ घालत होते. वर, वर, खाच, खाली. मग थांबून कान देत होते.

“रेकॉर्डिंगमध्ये काय आलंय?” तिने विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे शीळ नाही?”

“काहीच नाही. कोळंब्यासुद्धा नाहीत. तू ऐकलंस तेवढा वेळ समुद्र मुका आहे.”

ती रात्र तिने छताकडे बघत काढली. शेजारी नवरा झोपेत दोन तुटक आणि एक घसरती असा घोरत होता, निदान तिला तसं वाटलं, आणि एरवी या गोष्टीवर ती उशीत तोंड खुपसून हसली असती. लग्नात तिला दागिने देताना सासूबाईंनी तिच्या कानांकडे पाहून “छान आहेत हो” म्हटलं होतं. तिला वाटलं होतं, कुड्यांबद्दल बोलतायत.

वारा पुन्हा पडला तेव्हा सगळे काही न बोलता बोटीकडे निघाले. “बरं वाटत नाही” म्हणायचं तिने ठरवलं होतं. पण भावजी दाराशी उभे होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा.

“येतेस ना गं?” ते म्हणाले. इतक्या मऊ आवाजात ते आजवर तिच्याशी काहीच बोलले नव्हते. “तुझ्याशिवाय काय उपयोग.”

ती नाही म्हणाली असती तर त्यांनी दुसरा कान शोधला असता. असा कान, ज्याला काहीच माहीत नाही आणि जो बेधडक हो म्हणेल. ती चढली.

ऊन डोक्यावर. पाणी इतकं सपाट, की बोटीची सावलीसुद्धा हलत नव्हती. करवत दिसली, मग मावशी तिच्या पिल्लासकट, मग बाकीचे. एरवी बोट दिसली की उड्या मारत येणारे. आज खडकाच्या पाठीच्या अलीकडे सगळे एका रांगेत थांबले, श्वास टाकले, फुस्… फुस्… आणि वळले. एकही शीळ न घालता निघून गेले. त्यांच्या मागे पाण्यावर तेलासारखे गोल डाग राहिले आणि तेही मिटले.

“बंद कर,” सासूबाई म्हणाल्या. इंजिन बंद झालं.

कुजकट, गोडसर वास आला. वाळलेल्या शेवाळाचा असावा. माईक खाली गेला. तिने हेडफोन घातला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. तडतड, तडतड. तिला वाटलं, बायांनो, वाजवत रहा. थांबू नका.

त्या थांबल्या.

पहिली शीळ आली. वर, वर, खाच, खाली. तिने चेहरा धुतलेल्या ताटासारखा ठेवला. समोर तिघे बसले होते आणि तिघांपैकी कुणीही पाण्याकडे बघत नव्हतं. तिला तिचाच धडा आठवला : एक प्राणी निवडायचा, नजर हलवायची नाही. आजचा प्राणी ती होती.

कोळंब्या पुन्हा वाजल्या, पुन्हा थांबल्या. मग दुसरी. एकच, लांबलचक, आणि शेवटी उडी. भावजींची. खालून कुणीतरी त्यांना बोलावत होतं, ओट्याशी उभं राहून बोलवावं तितक्या सहज, तितक्या हक्काने.

भावजींनी पायातले बूट काढले. एकाशेजारी एक, टाचा जुळवून ठेवले. मग अंगातल्या लाइफ जाकिटाचं पहिलं बक्कल उघडलं. टक्. नवरा अर्धवट उठला, पण तो बोटीच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि मध्ये केबल, पेट्या, आई.

“दादा, खाली बस.”

“मी कुठे काय करतोय?” भावजी म्हणाले. त्यांची नजर तिच्यावर. “सांग गं… आलं ना काही?”

दुसरं बक्कल. टक्.

ती “नाही” म्हणायला तोंड उघडणार, तोच कोळंब्या पुन्हा गप्प झाल्या आणि तिसरी आली.

खाली उतरली. गोल वळण घेतलं. ही शीळ जगात कुणी ऐकलेली नव्हती. नळ सोडून, हवा न सोडता, नुसत्या ओठांवर ठरवलेली. जिला आवाज असा कधी मिळालाच नव्हता. आणि वळणानंतर जिथे ती रोज अडत होती तिथे खालून बोलावणारं अडलं नाही. शेवट वर गेला, हलकेच, आणि प्रश्न विचारावा तसा सुटला. सुंदर होता. तिला सुचायला हवा होता तोच होता.

तिचे ओठ आपसूक गोल झाले. ओ देण्यासाठी. ते तिला कळलं, आणि तिने ते दातांखाली धरले. रक्ताची चव आली.

“काय?” सासूबाई पुढे वाकल्या. “काय ऐकलंस?”

“बोल ना,” भावजी म्हणाले. त्यांचा एक पाय कठड्यावर होता. “हो की नाही… एवढंच.”

“नाही, भावजी.” तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या खोलीतून यावा तसा आला. “काहीच नाही. नुसतं पाणी.”

“नीट ऐकलंस?”

“मागच्या वेळी वायर सैल होती, तिचं किरकिरणं असावं. आज घट्ट लावलीये.” तिने हेडफोन काढून त्यांच्यापुढे धरला. “तुम्हीच बघा हवं तर.”

भावजींनी तो घेतला. कानाला लावला. त्यांच्या थकलेल्या कानांत बराच वेळ कोण जाणे काय गेलं. मग ते खाली बसले, अगदी हळू, आणि चेहरा दोन्ही हातांत घेतला. नवऱ्याने जाऊन त्यांची बक्कलं एकेक करून पुन्हा लावली, लहान मुलाच्या शर्टाची लावावीत तशी. बूट मात्र तिथेच राहिले, टाचा जुळवलेले, घरी पोचेपर्यंत.

घरी आल्यावर ती ओट्याशी भांडी विसळत होती. सासूबाई आत आल्या आणि दार लोटून घेतलं.

“रेकॉर्डिंग ऐकलं मी,” त्या म्हणाल्या. “समुद्र तीनदा गप्प झालाय.”

ती भांडं विसळत राहिली.

“मला ‘नाही’ हवं होतं गं. कोऱ्या कानाचं, खरं ‘नाही’. म्हणजे त्याला सांगता आलं असतं, बाबा, संपलं, काही नाहीये तिथे. म्हणून बसवलं तुला.”

“खरं नव्हतं माझ्याकडे,” ती म्हणाली. “होतं ते दिलं.”

सासूबाईंनी मान हलवली. त्या एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या. नळ बंद करून त्या तिच्या अगदी जवळ आल्या, आणि त्यांचा आवाज इतका खाली गेला, की चांगल्या कानांनाच तो ऐकू गेला असता.

“पहिल्या दोन वेळचं गप्प होणं मी ओळखलं. लांबीवरून. इतकी वर्षं ऐकतेय त्या शिळा… पण तिसरी. तिसरी कुणाची?”

खालचा ओठ सुजला होता, तो तिने आत ओढून घेतला. सासूबाईंनी ते पाहिलं.

जेवायला सगळे बसले. भावजींनी बऱ्याच दिवसांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण घास खाली जात होता. नवऱ्याला हायसं वाटलं असावं, कारण त्याला विनोद सुचू लागले.

“काय मग, शीळ ठरली का मॅडमची? की आम्ही शुक् शुक् करून बोलवायचं जन्मभर?”

“हो गं,” भावजी डोळे पुसत हसले. “न्हाणीघरात इतका नळ वाहतो, तेव्हा तालीमच चालली असणार. घाल बघू. पुढच्या वेळी बोटीवर लागेल.”

सासूबाईंचा हात ताटावर थांबला.

उघड्या खिडकीतून समुद्राचा आवाज येत होता. येत होता, येत होता, आणि मग एक क्षण आला नाही. बाकी तिघांपैकी कुणाच्याच ते ध्यानात आलं नाही. तिने उठून खिडकी लावली, कडी घातली, आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसली. मग, या घरात आल्यापासून ती बोलली नव्हती इतक्या मोठ्याने, एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणाली,

“मला शीळ नको. मला बोलवायचं असेल तर जवळ या आणि तोंडाने हाक मारा. लांबून कुणी शीळ घालून बोलावलं, तर ते तुमच्यातलं कुणी नाही, असंच मी समजेन. आणि तुम्हीही समजा.”